जुना ग्रंथ, चालू मानक

प्रश्न : आमच्या प्रकल्पात पोलादी पादचारी पुलाचा आराखडा करावयाचा आहे. ग्रंथालयातील छापील पुस्तक प्रमाण मानले, तर पुरेसे नाही का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : निनावी संकेतस्थळांपेक्षा ग्रंथावर आपली भिस्त आहे, हे उत्तमच, परंतु जे छापले ते प्रमाण, हा समज मात्र सोडावा, कारण पोलादी बांधकामाचे आयएस ८०० हे मानक १९८४ च्या आवृत्तीत अनुज्ञेय प्रतिबलांवर आधारलेले होते, २००७ च्या आवृत्तीने मर्यादा-अवस्था पद्धत स्वीकारली, आणि दोहोंची सूत्रे एकाच गणितात मिसळली, तर उत्तर सुबक दिसूनही निरर्थक ठरते. सबब ग्रंथाचे प्रकाशनवर्ष आधी पाहावे व चालू मानक भारतीय मानक ब्युरोकडून मिळवावे. ग्रंथाऐवजी शोधनिबंधाचा आधार घेतला, तर त्यातील चाचणीचा नमुना केवढा होता, हेही तपासावे. घाबरू नये, संकल्पना समजण्यास जुना ग्रंथच पुष्कळदा अधिक दिलदार असतो.