पोट्टं, लेकरू आणि पोऱ्या

आपल्या मेसमध्ये, लॅबमध्ये, पार्किंगमध्ये दिवसभरात सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द कोणता? 'टॉर्क' नाही आणि 'सबमिशन'ही नाही. तो आहे 'पोट्टे'! "काय करून राहिले बे पोट्टेहो?" असं कानावर आलं की समजायचं, आपण नागपुरात आहोत.

शाळेत असताना निबंधात मी 'पोट्टे पतंग उडवत होते' असं लिहिलं होतं. बाईंनी त्या शब्दाला लाल पेनाने गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'अशुद्ध'. घरी तर आजी मला लाडाने 'पोट्टी' म्हणायची. मग आजीचं प्रेमही अशुद्ध की काय? तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलेला आहे.

लहान मुलांसाठी मराठी मुलखात किती शब्द आहेत बघा. वऱ्हाडीत पोट्टा-पोट्टी, अहिराणीत आंडोर-आंडेर, मालवणीत झील आणि चेडू. पोर, लेकरू, कार्टं हे तर सगळीकडेच. यात व्याकरणाची एक गंमत आहे. मूल, बाळ, लेकरू, पोरगं, कार्टं, पोट्टं हे सगळे शब्द नपुंसकलिंगी! हिंदीत हे लिंगच उरलेलं नाही, मराठीने ते जपलं. त्यामुळे मुलगा की मुलगी हे न सांगताही आपल्याला लेकराबद्दल बोलता येतं.

साहित्यानेही हे शब्द दूर ठेवले नाहीत. संत जनाबाईंचा विठोबा 'लेकुरवाळा' आहे, म्हणजे साक्षात देवालाच लेकरांचा गोतावळा. आपल्या विदर्भातल्या उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीत कौतिक नावाची बाई गरिबीशी झगडत आपली मुलं वाढवते. तिची माणसं वऱ्हाडीत बोलतात. तेच संवाद पुस्तकी मराठीत घातले तर त्यातली धगच निघून जाईल. २०२२ साली आलेल्या 'झुंड' सिनेमात नागपूरच्या झोपडपट्टीतली फुटबॉल खेळणारी पोरं साऱ्या देशाने पाहिली.

पण शब्द नेहमी प्रेमळच असतो असं नाही. आजीच्या तोंडची 'पोट्टी' वेगळी आणि चौकात बाईक लावून उभ्या असलेल्यांच्या तोंडची वेगळी. आमच्या मेकॅनिकलच्या मुलींना हा फरक सांगावा लागत नाही!

आणखी एक शब्द आहे, 'पोऱ्या'. खानदेशात पोऱ्या म्हणजे साधा मुलगा. पण हॉटेलात "ए पोऱ्या, पाणी आण" म्हटलं की त्याचा अर्थ नोकर होतो. आयर्लंडमध्येही असंच झालं. तिथला 'गॉसून' हा मुलगा या अर्थाचा शब्द फ्रेंच 'गार्सों'वरून आला. मारिया एजवर्थ यांच्या 'कासल रॅकरेंट' (१८००) या कादंबरीला शब्दार्थांची यादी जोडलेली आहे. त्यात 'गॉसून' म्हणजे लहान मुलगा असा अर्थ देऊन पुढे घरोघरच्या स्वयंपाक्याच्या हाताखाली राबणाऱ्या अनवाणी पोराचं वर्णन येतं. देश वेगळा, पण गरिबाच्या मुलाच्या वाट्याला आलेला शब्द तसाच.

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. आम्ही चहाला जातो त्या टपरीवर आपल्याच वयाचा एक जण काम करतो. सगळे त्याला 'पोऱ्या' म्हणायचे, मीसुद्धा. एक दिवस एक बाई डबा घेऊन आल्या आणि मालकाला म्हणाल्या, "माह्यं लेकरू कोठी हाय जी?" मी इकडेतिकडे लहान मूल शोधायला लागले. तर आमचा पोऱ्या हात पुसत पुढे आला.

माझा चहा तसाच राहिला. एकच माणूस आईसाठी लेकरू आणि आमच्यासाठी पोऱ्या! आम्ही एकमेकांना 'पोट्टे' म्हणतो तेव्हा त्यात दोस्ती असते. त्याला आम्ही त्या 'पोट्टेहो'मध्ये कधीच धरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला नाव विचारलं. आता नावाने हाक मारते.

तेव्हा 'पोट्टे' बिनधास्त म्हणा, लिहासुद्धा. तो शब्द अशुद्ध नाही. कोणाला आणि कसं म्हणतो, तेवढं मात्र सांभाळा.