कवळी रोज कशी धुवावी?

तायांनो, आपल्या काही सासूबाई लालबाग-परळला मुलाकडे राहतात आणि मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयातून कवळी करून येतात. गावी आल्यावर मात्र ती मिश्रीने, राखुंडीने घासतात! त्याने ओरखडे पडतात, त्यात घाण बसते. मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरे. पाणी भरलेल्या परातीवर धरून धुवा, निसटली तरी फुटणार नाही. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते.

रात्री बोळकं दिसेल म्हणून अनेकजणी ती काढतच नाहीत. पण हिरड्यांना आराम हवाच ना? काढा, पाण्यात ठेवा, हिरड्या ओल्या फडक्याने पुसा. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवा. मिश्री लावणाऱ्यांनी तर नक्कीच.