नदीत फेकलेला धातू
(इयत्ता ४ थी)



सोने, चांदी आणि प्लॅटिनम यांत सगळ्यात मोलाचे कोणते? गुरुजींनी वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा सगळी मुले एकदम ओरडली, "सोने!" गुरुजी हसले आणि म्हणाले, "कोणत्या साली?" तेव्हा आम्ही गप्प झालो. मग मी वाचून आणि विचारून जी माहिती मिळवली ती इथे लिहीत आहे.

प्लॅटिनम चांदीसारखे पांढरे दिसते, पण ते फार जड असते. डेअरीवरचे एक लिटरचे माप डोळ्यांपुढे आणा. त्यात दूध भरले तर एक किलोच्या थोडे वर भरते. तेवढीच चांदी साडेदहा किलो भरेल, सोने १९ किलोच्या वर आणि प्लॅटिनम २१ किलोच्या वर! चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, सोने १०६४ अंशाला, पण प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. म्हणून जुन्या काळच्या भट्टीत ते वितळतच नसे.

आता खरी गंमत ऐका. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथे पूर्वी स्पेनचे राज्य होते. नदीच्या वाळूतून सोने काढताना हे पांढरे कण मध्ये यायचे. लोक वैतागायचे. त्यांनी त्याला नाव दिले 'प्लाटिना', म्हणजे हलकी चांदी, छोटी चांदी. वितळत नाही, घडवता येत नाही, मग त्याला किंमत कोण देणार? उलट लबाड लोक ते सोन्यात मिसळू लागले. जड असल्यामुळे वजनात फसवणूक कळायची नाही. म्हणून सरकारी माणसांनी ते चक्क नदीत फेकून दिले!

पण त्याच भागातल्या जुन्या आदिवासी कारागिरांनी त्याच्या किती तरी आधी युक्ती काढली होती. प्लॅटिनमचे कण सोन्याबरोबर तापवायचे. सोने वितळून कणांना चिकटवून ठेवी. मग ठोकून ठोकून दागिना करायचा. म्हणजे साहेबांना जे जमले नाही ते त्यांना जमले होते.

१७४८ साली आंतोनियो द उल्योआ या स्पेनच्या माणसाच्या पुस्तकात या धातूची माहिती छापून आली. मग युरोपातले शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले.

पुढे रशियात उरल डोंगराकडे खूप प्लॅटिनम सापडले. १८२८ पासून तिथल्या सरकारने त्याची ३, ६ आणि १२ रूबलची नाणी पाडली. ६ रूबलचे नाणे आणि चांदीचा १ रूबल, दोन्हींचे वजन जवळजवळ सारखेच. म्हणजे तेव्हा प्लॅटिनम चांदीच्या सहापट महाग होते. सोने मात्र चांदीच्या सुमारे पंधरापट होते. म्हणजे प्लॅटिनमचा नंबर मधला! पण बाहेर त्याचा भाव सारखा वरखाली व्हायचा. म्हणून १८४५ साली ही नाणी बंद केली आणि लोकांकडून परत घेतली.

प्लॅटिनम गंजत नाही. म्हणून १८८९ साली जगाचा 'एक किलो' ठरवला तो प्लॅटिनम आणि थोडे इरिडियम यांच्या ठोकळ्यावर. तो पॅरिसजवळ ठेवलेला आहे. २०१९ पर्यंत सगळ्या जगाचे किलो त्याच्यावरून ठरत होते. आपल्या देशाकडेही तसा ठोकळा आहे, ५७ नंबरचा. तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे.

गाड्यांचा विषारी धूर कमी करायलाही प्लॅटिनम लागते. २००८ च्या मार्च महिन्यात त्याचा भाव सोन्याच्या दुपटीहून जास्त झाला होता. पण २०२४ साली उलटेच झाले. सोने प्लॅटिनमच्या जवळजवळ अडीचपट महाग होते. आता कळले ना, गुरुजी "कोणत्या साली?" असे का म्हणाले ते!

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. दोन वर्षांमागे आमच्या विहिरीचं पाणी आटलं. तेव्हा आजीने आपली बोरमाळ गहाण टाकली आणि विहीर खोल केली. बोरमाळ अजून घरी आली नाही. मी सोनारकाकांना विचारले, "काका, माळ प्लॅटिनमची असती तर?" ते म्हणाले, "पोरी, मी घेतलीच नसती. सोनं कसोटीवर घासून मला लगेच कळतं. प्लॅटिनम माझ्या मुशीत वितळायचं नाही आणि गावात ते घेणार कोण?"

घरी येऊन हे आजीला सांगितले. आजी म्हणाली, "अगं, अडीअडचणीला जे उपयोगी पडतं, तेच मोलाचं." विहिरीला आता पाणी आहे. कांदा विकला की पहिल्यांदा बोरमाळ सोडवायची, असं बाबा म्हणाले आहेत.

यावरून मला कळले की, वस्तू तीच राहते, पण तिचा उपयोग कळला की मोल वाढते आणि गरज कमी झाली की मोल उतरते. म्हणून एखाद्या गोष्टीची माहिती नसताना ती टाकाऊ म्हणून फेकू नये.

सांगा पाहू :
१) 'प्लाटिना' म्हणजे काय?
२) रशियाने प्लॅटिनमची नाणी का बंद केली?
३) तुमच्या घरी अडचणीला कोणती वस्तू उपयोगी पडली? घरी आजीला विचारा.