बियाणं कोणाच्या हातात आहे, ते आधी विचारा

पोलादपूर तालुक्यात खाचरात भात आणि वरकस जमिनीवर नाचणी-वरी, अशी आमची शेती. घरचं भागून उरलेलं थोडं धान्य मुंबईच्या चाकरमान्यांकडे जातं. अलीकडे पैशांच्या आधी प्रश्न येतात: हे जीएम, म्हणजे बाहेरचा जनुक घातलेलं, तर नाही ना, सेंद्रिय आहे ना? उत्तरं देता देता आणि शेती करता करता जे कळलं, ते लिहितो.

१. आमचा तांदूळ जीएम नाही, आणि दुकानातलाही नाही.

डोंबिवलीची वहिनी फोनवर म्हणते, "भाऊजी, नॉन-जीएमओच पाठवा हां." दुसरा पाठवणार कुठून? आपल्या देशात शेतकऱ्याला लावायची परवानगी असलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस, आणि तोही २००२ पासून. बीटी वांग्यावर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. जीएम मोहरीच्या परवानगीवर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. भात आणि नाचणी या यादीत नाहीतच. तेव्हा नाचणीच्या पाकिटावर 'नॉन-जीएमओ' छापून कोणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका.

मात्र म्हशीपुढे ठेवतो ती सरकीची पेंड बहुतेक बीटी कपाशीचीच असते. सरकीचं तेलही खाण्यात येतं. घाबरवायला सांगत नाही. पण वाद घालायचा तर आपल्या घरात काय येतं हे माहीत असलेलं बरं.

२. संकरित म्हणजे जीएम नव्हे.

कर्जतच्या भात संशोधन केंद्राने 'सह्याद्री' नावाचे संकरित भात काढले. दोन वाणांचा संकर, बाहेरचा जनुक काही नाही. त्यांची अडचण वेगळी. घरचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागते. कर्जत-३, रत्नागिरी-१ यांसारख्या सुधारित वाणांचं बी मात्र नीट निवडून ठेवलं तर पुन्हा चालतं. गावात जीएम, संकरित आणि सुधारित या तिन्हींना सरसकट 'हायब्रीड' म्हणतात आणि चर्चा तिथेच फसते.

३. बीटीची गोष्ट विदर्भाकडून शिकावी.

सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या कमी झाल्या, हे खरं. पुढे गुलाबी बोंडअळीला बीटी कपाशीतल्या विषाची सवय झाली आणि २०१७ मध्ये कपाशीची बोंडं आतून पोखरली गेली, हेही तितकंच खरं. बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचं १२० ग्रॅम बी वेगळं मिळायचं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. बहुतेकांनी ते लावलंच नाही, कारण कोणी नीट समजावलं नव्हतं. ज्या जिवाणूचा जनुक कपाशीत घातला, त्याच बीटी जिवाणूची फवारणी सेंद्रिय शेतीतही चालते. त्यामुळे 'प्रयोगशाळेतलं ते विष, निसर्गातलं ते अमृत' ही मांडणी मला पटत नाही.

४. सेंद्रिय शेती शेणावर चालते, घोषणेवर नाही.

आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाचरात फेकलेला युरिया एका सरीत ओहोळाला लागतो. मग सरळ शेणखत घालावं, तर गोठे रिकामे झालेत. घरातली तरणी माणसं मुंबईला, गुरं विकलेली, बेणणीला माणूस मिळत नाही. शहरातून 'पूर्ण सेंद्रिय करा' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडावा. जगभरच्या अभ्यासांत सेंद्रिय पिकाचं उत्पादन सरासरी वीसेक टक्क्यांनी कमी भरतं. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली, त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला, तरी भाताचं उत्पादन घसरलंच.

मला मधली वाट दिसते ती डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीआधी खाचरात गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचलेली युरिया-डीएपीची एक गोळी. खत वाहून जात नाही, कमी लागतं. गिरिपुष्प तर बांधावर फुकट वाढतं. हे सेंद्रिय नाही, वहिनीला मी तसं स्पष्ट सांगतो. वरच्या वरकसातली नाचणी मात्र खताच्या पिशवीशिवाय पिकते, तेही सांगतो.

५. प्रमाणपत्र मिळतं, पण ते सगळं सांगत नाही.

सेंद्रिय प्रमाणपत्राच्या पीजीएस योजनेत गावातल्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची पाहणी करतो. लहान शेतकऱ्याला ही वाट परवडते. पण २०२१ च्या जुलैत सावित्रीचा पूर महाडभर पसरला, तसा पूर खाचरात काय सोडून जातो हे असल्या पाहणीत दिसत नाही. नदीकाठच्यांनी मातीची तपासणी करून घ्यावीच.

६. खरा प्रश्न बियाण्याचा.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांत बाहेरचा जनुक नाही. मी त्यांच्या विरोधात नाही. खोडकिड्याला किंवा करप्याला दाद न देणारं भात उद्या आलं तर मी लावून बघेन. फक्त आधी विचारेन: याचं बी मला घरी ठेवता येईल का? २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला शेतातलं बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. तो वापरला तरच टिकेल. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाण जपून ते करून दाखवलं, त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या वाड्यांतही काकी-आज्या नाचणीची चांगली कणसं निवडून वेगळी टांगतात. त्यांची कोणी नोंद केलेली नाही, आणि त्यांच्या सुना मुंबईला आहेत.

म्हणून चाकरमान्यांना विनंती. मे महिन्यात गावी आलात की आपल्या वाडीत जुन्या भाताचं, नाचणीचं बी कोणाकडे आहे ते विचारा. त्यातलं पायलीभर मागून घ्या, वाणाचं नाव लिहून ठेवा आणि निघण्याआधी कोणाच्या तरी शेतात ते पेरायची सोय करून जा.