मराठीतील ‘नंबर’ : किती आणि कितवा

इंग्रजीतील ‘नंबर’ हा प्राधान्याने मोजणीचा शब्द आहे. मराठीत रुजलेला ‘नंबर’ तसा राहिलेला नाही. ‘नंबर म्हणजे संख्या’ हे समीकरण गृहीत धरणारा अनुवादक म्हणूनच फसतो. ‘सभेला आलेल्या लोकांचा नंबर मोठा होता’ असे मराठी भाषक म्हणत नाही. तेथे ‘संख्या’ किंवा ‘आकडा’ येतो. उलट ‘डॉक्टरांकडे नंबर लावला’, ‘आपला नंबर अजून यायचा आहे’, ‘शर्यतीत दुसरा नंबर आला’ या वाक्यांत ‘संख्या’ घातली की अर्थच नाहीसा होतो. मराठीतील नंबर म्हणजे मुख्यतः ओळीतील जागा.

या अर्थसंकोचाला मराठीच्या घडणीतच आधार आहे. ‘किती’ हा प्रश्न राशी विचारतो, ‘कितवा’ हा क्रम विचारतो. इंग्रजीत ‘कितवा’ला समर्थ असा एक शब्द नाही. परका शब्द मराठीत आला तो ‘कितवा’च्या घरी राहिला.

शेजारच्या हिंदीशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. हिंदीत परीक्षेतील गुणांनाही ‘नंबर’ म्हणतात. पोलाद कारखान्यामुळे अनेक प्रांतांतील कुटुंबे जेथे एकत्र आली, त्या भिलाईच्या परिसरात, जुनवानीसारख्या वस्तीतील मराठी घरात, ‘नंबर किती मिळाले?’ आणि ‘नंबर कितवा आला?’ हे दोन प्रश्न शेजारी शेजारी येणे स्वाभाविक आहे. पहिल्याचे उत्तर ऐंशी, दुसऱ्याचे तिसरा. शब्द एकच, पहिल्या प्रश्नामागे हिंदी आहे, दुसऱ्यामागे मराठी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगड एकाच राज्यात होते व नागपूर ही त्यांची राजधानी होती, हे लक्षात घेता अशा सरमिसळीला केवळ स्थलांतरितांचा प्रमाद म्हणता येणार नाही.

खेड्यापाड्यांत हा शब्द पोचविण्यात शाळेपेक्षा जमीनमोजणीचा वाटा मोठा असावा. गोल्डस्मिड व विंगेट यांची इंदापूर तालुक्यातील पाहणी १८३५च्या सुमाराची. पुढे १८७९च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने ‘सर्व्हे नंबर’ला कायद्याचे स्थान दिले. शेताच्या ओळखीचा आकडा हळूहळू शेताचेच नाव झाला : ‘तो नंबर धाकट्याच्या वाट्याला गेला’ या वाक्यात जमीनच वाटली गेली आहे. गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचा ‘सातबारा’ झाला, तेथे तर ‘नंबर’ हा शब्दही गळाला आणि नुसते आकडे नाम होऊन बसले. त्यांची बेरीज कोणी करीत नाही.

‘क्रमांक’ हा सावरकरांच्या नावे सांगितला जाणारा प्रतिशब्द अर्थदृष्ट्या चपखल आहे, कारण त्यात क्रमच आहे. पत्रव्यवहारात व निकालपत्रात तो रूढही झाला. तथापि दवाखान्यात कोणी ‘क्रमांक लावून’ बसत नाही, आणि ‘दोन नंबरचा पैसा’ ‘दोन क्रमांकाचा’ केला की त्यातील काळेपणा धुऊन निघतो.

एक उदाहरण मात्र या मांडणीला सहज वश होत नाही. ‘चष्म्याचा नंबर किती?’ असेच विचारतात, ‘कितवा?’ असे नाही. येथे मापाचा अर्थ मान्य करावाच लागतो. तरीही ‘नंबर वाढला’ हे ऐकून चष्म्यांची संख्या वाढली असे कोणी समजत नाही. नजर मापाच्या पट्टीवर कोठे सरकली, एवढेच त्यातून कळते.