यशाची पाच कारणं



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

कॉलेजमध्ये यशस्वी कोण, हे आपण फार पटकन ठरवून टाकतो. निकाल लागला, कुणाला किती पॅकेज मिळालं ते कळलं, की झाला निवाडा. आजचे श्लोक आपल्याला जरा थांबायला सांगतात. भगवंत म्हणतात, कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान, म्हणजे काम ज्याच्या आधारावर उभं राहतं ते. कुणी याचा अर्थ शरीर घेतात, कुणी जागा. कर्ता, म्हणजे करणारा. करण, म्हणजे साधनं. चेष्टा, म्हणजे नाना प्रकारचे प्रयत्न. आणि पाचवं दैव. यादीत दैव आहे, पण एकटं नाही. आणि 'मी'सुद्धा पाचांतला एकच आहे.

हे वाचताना मला माझा मावसभाऊ आठवला. तो नामपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीच्या दोन मुलाखती झाल्या, दोन्ही वेळा यादीत नाव आलं नाही. परवा फोनवर म्हणाला, "दादा, माझ्यातच काही नाही. आता परीक्षा तरी कशाला द्यायची?"

मी त्याला म्हटलं, तुझ्या घरचाच कांदा बघ ना. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड होते. जमीन आपली, कष्ट काकांचे, विहीर, मोटार आणि चाळ ही साधनं. खुरपणी, पाणी, काढणी हे प्रयत्न. एवढं सगळं नीट झालं तरी मार्चमध्ये गारपीट होईल का, आणि लिलावाच्या दिवशी काय भाव निघेल, हे काकांच्या हातात नसतं. भाव पडला म्हणून 'यांना कांदा पिकवता येत नाही' असं गावात कुणी म्हणतं का? मग दोन मुलाखतींवरून तू स्वतःला का मोडीत काढतोस?

सोळाव्या श्लोकात भगवंत स्पष्ट सांगतात, जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही. आपण हे नेहमी अहंकारी माणसाला लावतो. पण माझ्या मते नापास झालेल्या मुलालाही ते तेवढंच लागू आहे. 'सगळं मीच केलं' आणि 'सगळं माझ्यामुळेच बुडालं', दोन्हीकडे बाकीची चार कारणं गायब झालेली असतात.

पण एक धोका आहे. 'दैवात नव्हतं' म्हणून हात झटकून बसणं सोपं जातं. त्यावर उपाय दुसऱ्या अध्यायातल्या ४७ व्या श्लोकात आहे. कर्म तुझं, फळावर हक्क नाही, हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. शेवटचा भाग मात्र आपण विसरतो: काम न करण्याचीही ओढ धरू नकोस. मावसभावासाठी आजचा श्लोक तोच होता.

तो हुशार आहे, लगेच म्हणाला, "विनोबांनी पण परीक्षा सोडलीच ना?" खरं आहे. १९१६ मध्ये विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतला उतरून काशीला गेले. पण तिथे ते संस्कृत शिकायला बसले. पुढे आश्रमातून रजा घेऊन वाईला जाऊन शास्त्रं शिकले. परीक्षा सुटली, अभ्यास सुटला नाही. ते कशाला तरी घाबरून पळाले नव्हते, त्यांना कुठेतरी पोहोचायचं होतं.

आणि आपल्यापासून जवळच, धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ मध्ये काय घडलं बघा. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा कैद्यांना गीता सांगत होते. ती प्रवचनं साने गुरुजी उतरवून घेत होते. सांगणाऱ्याने इंटरची परीक्षा सोडलेली, लिहून घेणारा एम.ए. झालेला, अमळनेरच्या शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडून आलेला. जगाच्या हिशोबात त्या वेळी दोघंही कैदी. तरी त्या रविवारांतून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्याला मिळालं. पदवीमुळे काम अडलं नाही, आणि पदवी वायाही गेली नाही.

म्हणून विद्यार्थ्याचं यश मी असं समजतो: माझ्या वाट्याचं काम मी पूर्ण मनाने केलं का, त्यातून मला खरंच काही येऊ लागलं का, आणि ते कुणाच्या उपयोगी पडेल का. नोकरी हवीच, घर चालवायला पैसा लागतो, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तिला स्वतःची किंमत ठरवू देऊ नका.

आजचा अभ्यास: अलीकडे न जमलेली एक गोष्ट घ्या. वहीत पाच रकाने करा: आधार, मी, साधनं, प्रयत्न, दैव. प्रत्येकात खरं ते लिहा. मावसभावाने लिहिलं, तेव्हा साधनांच्या रकान्यात 'इंग्रजी बोलायचा सराव नाही' असं निघालं. त्यावर उपाय आहे. आता रोज रात्री नऊला आम्ही फोनवर वीस मिनिटं इंग्रजीत बोलतो, आणि तो परीक्षेला बसतोय.

तुमच्या ओळखीत कुणी 'माझ्यात काही नाही' म्हणत असेल, तर आज त्याला नुसता मेसेज नको, फोन करा.

राम कृष्ण हरी 🙏