दाण्याचे वावडे

आमचा धाकटा तीन वर्षांचा होता. त्याने दाण्याची चिक्की खाल्ली. लगेच ओठ सुजले. अंगावर गांधी उठल्या. धाप लागली. नजर लागली असे वाटून आम्ही मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्यात वेळ गेला. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनॅलिनची सुई टोचली, तेव्हा पोर वाचले.

डॉक्टर म्हणाले, "याला दाण्याचे वावडे आहे. कणभर दाणाही जिवावर बेतेल."

आजी म्हणाली, "थोडे थोडे द्या, सवय होईल." आम्ही दिले नाही. घरच्या घरी असे कधी करू नये.

कूट चटणीत असते, खिचडीतही असते. आम्ही घरात दाणाच आणला नाही. शेजारी, शाळेत सांगून ठेवले.

असे झाल्यास मुलाला चालवू नका. निजवा. धाप लागली तर बसू द्या. 108 ला फोन करा. ओवाळीत बसू नका.